चोविसावी कडी

मित्रांनो, संग्रहालयाच्या मागच्या शेडमध्ये तुम्ही आलात की आधी लढाऊ विमानाकडे धावता. ते साहजिक आहे. त्याचे नाक टोकदार आहे आणि पंखांखाली खोट्या का होईना, तोफा आहेत. त्याच्या पलीकडे दोन पंख्यांचे, मळकट हिरवे, गाभण म्हशीसारख्या पोटाचे जे जुने विमान उभे आहे, ते म्हणजे मी. मी आयुष्यात एकही गोळी झाडली नाही. मी पोती वाहिली.

एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. विमानाचा पत्रा पत्र्याला जोडायला रिव्हेट मारतात. एकजण बाहेरून मारतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा धरतो. माझ्या अरुंद शेपटीत शिरून ठोकळा धरायला बारीक अंगाचे माणूस हवे होते, म्हणून त्या कामावर दोन बहिणी होत्या. थोरली बाहेर, धाकटी आत. सकाळी घरी अर्धवट राहिलेले भांडण त्या माझ्या पत्र्यातून पुरे करत. आईचे औषध कोण आणणार, हे माझ्या शेपटीत ठरले आहे. पण दोघींचा एकही रिव्हेट तिरका बसला नाही.

मग मला हवाई दलात पाठवले. माझे काम सरळ होते. डोंगरांच्या धारेवर सैन्याच्या अकरा चौक्या होत्या, जिथे गाडीरस्ता नव्हता. धान्य, रॉकेलचे डबे आणि टपाल मी वरून टाकत असे. धान्य पोत्यात पोते घालून भरत, म्हणजे आतले फुटले तरी बाहेरचे सांभाळून घेत असे. चौकी आली की वैमानिक भोंगा वाजवी आणि माझे नाक जरा वर करी. मागचे दार काढूनच ठेवलेले असे. दोन माणसे पोत्यांना खांदा लावून ती खाली लोटत. त्यांना सगळे 'ढकले' म्हणत. ढकल्यांच्या कमरेला पट्टा असे आणि पट्ट्याचा आकडा माझ्या जमिनीतल्या कडीत अडकवलेला असे. अशा चोवीस कड्या होत्या. शेवटची, चोविसावी, अगदी दाराजवळ.

एकदा एका चौकीवरच्या जवानांनी बर्फावर काळे दगड रचून 'पत्रे मिळाली' एवढेच लिहिले होते. वैमानिकाने त्यावरून मुद्दाम एक जादा फेरी मारली. मला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

दाराजवळ उभा राहणारा ढकल्या फार उंच होता. माझ्या पोटात त्याला मान वाकवूनच उभे राहावे लागे. त्याला लंबू म्हणत. भला माणूस, पण विसराळूपणात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. टोपी माझ्यात विसरायचा, जेवणाचा डबा विसरायचा. एकदा बायकोला लिहिलेले पत्र पोत्यांबरोबर चौकीवर टाकून आला होता. मात्र पट्टा तो कधी विसरला नाही. आकडा कडीत अडकवायचा, दोनदा ओढून बघायचा आणि मगच पहिल्या पोत्याला हात लावायचा.

माझी देखभाल एका तरुण फिटरकडे होती. सव्वीस वर्षांचा. मन लावून काम करणारा. पत्र्यावर नखाने टिचकी मारून तो आत कुठे पोकळ झाले आहे ते सांगत असे. लंबूची आणि त्याची दोस्ती होती. डबा परत द्यायच्या निमित्ताने तो लंबूच्या बायकोच्या हातचे लोणचे खाई आणि कागदाच्या चिठ्ठीवर 'वहिनी, मीठ बरोबर' असे लिहून, पुढच्या टपालाबरोबर घरी पाठवायला लंबूकडे देई. वहिनीला त्याने कधी पाहिले नव्हते. लंबू दोन महिन्यांतून एकदा घरी जायचा, येताना मोठा डबा भरून आणायचा, तेवढाच संबंध.

आता जे सांगायचे आहे ते मी सरळ सांगतो.

आठ दिवस ढगांनी डोंगर अडवला होता. चौक्यांवरचे रॉकेल संपत आले होते. नवव्या दिवशी आभाळ निवळेल असा अंदाज होता. आदल्या संध्याकाळी फिटर माझ्या पोटात एकेक कडी हलवून बघत होता. तेवीस घट्ट होत्या. चोविसावी त्याच्या बोटांखाली किंचित हलली. तिच्या चार बोल्टांपैकी दोनांचे आटे झिजले होते. सामानाचे कोठार तेव्हा बंद झालेले. नोंदवहीत 'कडी सैल' असे लिहिले असते तर ती बदलेपर्यंत मला उडता आले नसते. सकाळी पाच मिनिटांचे तर काम, त्यासाठी सगळे विमान कशाला अडकवा, असे त्याला वाटले. त्याने लिहिले नाही.

सकाळी तो आला तेव्हा माझ्यात पोती भरून झाली होती, चोविसाव्या कडीच्या भोवतीसुद्धा. त्याचे साहेब शिडीशी घड्याळ बघत उभे होते.

"सगळं ठीक ना रे?" साहेबांनी विचारले.

त्याने पोत्यांकडे पाहिले. मग म्हणाला, "ठीक आहे, साहेब." आणि त्याने सही केली.

तिसऱ्या चौकीवर भोंगा वाजला. लंबूने आकडा अडकवलेलाच होता. दोनदा ओढूनही बघितला होता. पण हाताने ओढणे वेगळे आणि माणसाचा सगळा भार वेगळा. शेवटचे पोते दाराच्या काठाशी अडले. त्याने ते पायाने रेटले, पोते सुटले आणि त्याचा तोल गेला. पट्टा ताणला गेला. एक बोल्ट निघाला, मग दुसरा, मग उरलेले दोन्ही एकदम. लंबू ओरडला असेल तर मला ऐकू आले नाही. इंजिने चालू होती. माझे वजन एका माणसाने कमी झाले, एवढे मात्र मला कळले.

दुसरा ढकल्या पुढच्या बाजूला पाठमोरा होता. तो वळला तेव्हा दारात कोणी नव्हते; तो खाली दरीकडेच बघत राहिला, जमिनीतल्या भोकांकडे त्याचे लक्ष गेले नाही. वैमानिकाने त्या दरीवर तीन घिरट्या घातल्या. मग इंधन कमी होऊ लागले म्हणून आम्ही परतलो. दरी इतकी खोल होती की खाली कोणी उतरू शकले नाही. लंबू आणि त्याच्या पट्ट्याला लटकलेली माझी कडी, दोघे तिथेच राहिले.

संध्याकाळी साहेब आणि फिटर माझ्यात चढले. कडीच्या जागी चार फाटकी भोके होती. 

"उद्या परत जायचंय," साहेब म्हणाले. "नवीन कडी बसव. खालून पट्टी लाव."

फिटरने भोके मोठी केली, खालून पट्टी लावली, जाड बोल्ट घालून नवी कडी बसवली. त्याचे हात नेहमीसारखे चालत होते. पाच दिवसांनी चौकशीला अधिकारी आले, त्यांनी चोवीस कड्या ओढून बघितल्या. चोवीस घट्ट. त्यांनी अहवालात लिहिले की मृताने पट्टा अडकवला नव्हता. साहेब काही बोलले नाहीत. फिटरही बोलला नाही.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, तेव्हा तुला काय वाटले? काहीच वाटले नाही. मला फार वाईट वाटले असे मी सांगितले तर ते खोटे होईल. त्या दिवसानंतर ऊन तापले तरी आणि बर्फ साचले तरी मला सारखेच होते. मी आणखी आठ वर्षे उडालो. लोक म्हणत, हे विमान कधी कुरकुर करत नाही.

फिटरने दोन वर्षांनी नोकरी सोडली आणि शहरात जाऊन लिफ्ट दुरुस्तीचे काम धरले. साहेब पुढे निवृत्त होऊन वारले. माझी उडण्याची मुदत संपल्यावर मला विमानतळाच्या टोकाला, कुंपणाशी नेऊन ठेवले. तिथे मी बावीस वर्षे उभा होतो. टायर बसले. डाव्या इंजिनात गांधीलमाश्यांनी घर केले. पहारेकरी माझ्या पंखावर कपडे वाळत घालत. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, त्याची पांढरी पूड होते. माझी होत होती. होऊ दे, असेच माझे होते.

एक दिवस एक माणूस येऊन माझ्या अंगावर खडूने रेघा मारून गेला. जागा रिकामी करायची होती आणि त्या रेघांवर मला कापायचे होते. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्या दातांच्या डॉक्टर. जुनी विमाने वाचवून संग्रहालयात उभी करणारी एक हौशी मंडळी होती, त्यांच्या त्या म्होरक्या. त्यांनी अर्ज, विनंत्या, हेलपाटे करून मला मागून घेतले, पण अट अशी की एक तारखेच्या आत मला तिथून हलवायचे. पंख उतरवल्याशिवाय मी ट्रकवर मावत नव्हतो आणि पंखांचे बोल्ट काही केल्या हलत नव्हते. त्यांनी वर्तमानपत्रात माझा फोटो दिला, शेपटीवरच्या नंबरासकट, आणि खाली लिहिले : जाणकार मदतीला हवेत.

त्या रविवारी अर्धे केस पिकलेला एक माणूस आला. त्याने माझ्या पत्र्यावर नखाने टिचकी मारली. मी लगेच ओळखले. मंडळींनी त्याला नाव विचारण्याआधीच 'फिटरकाका' करून टाकले. पंखाचा बोल्ट तापवून नाही, उलट बर्फ लावून गार करून सोडवायचा, हे त्याने दाखवले. नऊ दिवसांत दोन्ही पंख उतरले. फाटकातून निघताना माझे पोट चार बोटे जास्त भरले, तेव्हा फाटकाचा एक खांब काढून परत बांधून द्यावा लागला. तीस तारखेच्या दुपारी मी या शेडमध्ये आलो.

मग दर रविवारी काम सुरू झाले. डॉक्टरीणबाई दवाखान्यातली बोथट झालेली हत्यारे आणून माझ्या सांध्यातली पांढरी पूड कोरून काढत. "आ करा," असे त्या मला म्हणत आणि एकट्याच हसत. निवृत्त झालेले गणिताचे मास्तर हातात मापपट्टी घेऊन माझा एकेक भाग मोजून फाइलमध्ये लिहीत. आणि तिसऱ्या की चौथ्या रविवारी शिवणयंत्र घेऊन एक बाई आल्या. साठीच्या, काटक. मला बघून त्या दाराशीच उभ्या राहिल्या.

"फोटोत नंबर बघितला," त्या म्हणाल्या. "माझे मिस्टर याच विमानातून पडले. एकतीस वर्षं झाली."

 डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे केली.

"नको, बसायला नाही आले. बघायचं होतं, बघितलं." मग त्या माझ्या फाटक्या आसनांकडे वळल्या. "हे कापड कोण शिवणार आहे?"

फिटरकाका पंख्याला कानस लावत होता. त्याने मान वर केली नाही. कानस त्याच लयीत चालत राहिली.

मास्तरांनी मग सगळ्यांची ओळख करून दिली. फिटरकाका नमस्कार करून म्हणाला, "वहिनी, मी तिथेच होतो नोकरीला."

"मग ओळखत असाल यांना."

"हो. डबा खायचो आम्ही."

"मीठ बरोबर म्हणून लिहायचे, ते तुम्ही?" वहिनींनी विचारले. तो हो म्हणाला. त्यांनी मान हलवली आणि कापडाचे माप घ्यायला लागल्या.

असे सहा-सात महिने गेले. दोघे माझ्यात काम करत होते, वहिनी एका टोकाला, फिटरकाका दुसऱ्या टोकाला. एका रविवारी मास्तर जमिनीवर पालथे पडून ओरडले, "फिटरकाका, तेवीस कड्यांना सारखे बोल्ट आणि ही चोविसावी वेगळी. खाली पट्टीपण आहे. असं का?"

"झिजली असेल," फिटरकाका म्हणाला. "बदलली असेल कोणीतरी."

"अपवादाला कारण असतं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फाइलमध्ये प्रश्नचिन्ह काढले.

त्यानंतर तीन रविवार फिटरकाका दाराच्या बाजूला फिरकला नाही. चौथ्या रविवारी चहाच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी वहिनींना मुलीबद्दल विचारले.

"आहे, बरी आहे. चाळिशीची झाली," वहिनी सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "पण घरातून निघायचं म्हटलं की तासभर मोडतो. कुलूप चार वेळा ओढून बघते. गॅस बघायला परत आत जाते. नवरा कावतो. माझीच चूक आहे. लहानपणापासून एकच घोकलं तिच्याजवळ, बापासारखी विसरू नकोस, एक आकडा अडकवायचा विसरला आणि बघ काय झालं." दोरा ओवला गेला. "एकतीस वर्षं मी त्या माणसावर चिडलेलीच आहे. फोटो पुसतानासुद्धा."

फिटरकाकाने कप खाली ठेवला. तो उठून माझ्यात चढला आणि चोविसाव्या कडीपाशी गुडघे टेकून बसला. पान्याने त्याने चारही बोल्ट सोडवले, कडी काढली, खालची पट्टी काढली. मग हाक मारली.

"वहिनी, जरा इकडे येता?"

त्या आल्या. त्याने त्यांना भोके दाखवली. त्याने मोठी केली होती, तरी एका बाजूने पत्रा ओढून फाटलेला अजून दिसत होता.

"आदल्या दिवशी ही कडी सैल लागली होती मला. मी लिहिलं नाही. सकाळी विचारलं तर ठीक आहे म्हणालो. त्याने पट्टा अडकवला होता, वहिनी. अडकवला होता म्हणूनच कडी उपटली. कडी आपोआप उपटत नाही. नंतर नवी बसवली, तीही मीच."

वहिनींनी वाकून पत्र्याच्या फाटक्या कडेवरून बोट फिरवले.

"म्हणजे विसरले नव्हते."

"नाही."

"तुम्हाला हे तेव्हापासून माहीत आहे."

"हो."

 त्या खाली उतरल्या, यंत्रावर अर्धवट राहिलेली शिवण पुरी केली, दोरा तोडला आणि पिशवी उचलली. डॉक्टरीणबाई त्यांच्या मागे गेल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "मला आत्ता काही वाटत नाहीये. वाटलं की सांगेन."

पुढचे चार रविवार त्या आल्या नाहीत. फिटरकाका येत होता.  डॉक्टरीणबाई त्याच्यापुढे चहा ठेवत आणि आपल्या कामाला लागत. मास्तर एकदाच बोलले, "तोंडी सांगून भागणार नाही. लेखी द्या." त्याने दिले. हवाई दलाच्या कार्यालयाला दोन पानी पत्र लिहिले, सही केली आणि त्याची प्रत मास्तरांच्या फाइलमध्ये लावली.

पाचव्या रविवारी वहिनी मुलीला घेऊन आल्या. मुलगी बापासारखी उंच होती. माझ्यात शिरताना तिला मान वाकवावी लागली. ती भोकांपाशी बसली, त्यात तिने बोट घातले आणि फिटरकाकाकडे पाहिले.

"तुम्ही तेव्हा किती वर्षांचे होता?"

"सव्वीस."

"मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली.

याहून जास्त त्यांचे बोलणे झाले नाही. तो माफ करा म्हणाला नाही आणि तिने केले असेही म्हटले नाही. जाताना मात्र तिने आईला विचारले, बाबांचा पट्टा कसल्या कापडाचा होता? वहिनींना ठाऊक नव्हते. फिटरकाकाने सांगितले, जाड सुती, चार पदरी, दुमडीवर दुहेरी शिवण. पुढच्या दोन रविवारी मायलेकींनी तसा एक पट्टा शिवला. माझ्या दाराशी लोकांना दाखवायला तसा पट्टा हवाच होता.

कार्यालयाचे उत्तर यायला पाच महिने लागले. जुन्या अहवालात दुरुस्ती केल्याचे एका ओळीत कळवले होते. फिटरकाकाला कोणी शिक्षा केली नाही, इतक्या वर्षांनी करणार तरी काय. वहिनींनी पत्र वाचले, घडी घालून पर्समध्ये ठेवले आणि बारा नंबरची सुई मागितली.

संग्रहालयात मला मांडण्याआधी वाद झाला. डॉक्टरीणबाईंना मी पूर्वी होतो तसाच, नीटनेटका हवा होतो. फिटरकाकाचे म्हणणे होते की भोके उघडी ठेवा, लोकांना बघू द्या. शेवटी सगळ्यांनी वहिनींकडे पाहिले.

"कडी परत बसवा," त्या म्हणाल्या. "उघड्या भोकात एखाद्या पोराचं बोट अडकेल. खाली पाटी लावा."

पाटीचा मजकूर मास्तरांनी लिहिला, चांगला दहा ओळींचा. वहिनींनी त्यातल्या सात खोडल्या. उरलेल्या तुम्ही वाचल्या असतील : या जागी आधी दुसरी कडी होती. ती सैल आहे हे ठाऊक असून बदलली नाही. एका माणसाने तिच्या भरवशावर पट्टा अडकवला होता.

मला लोकांसाठी खुले करून दोन वर्षे होतील. वहिनी महिन्यातून एकदा येतात, आसनांवरची धूळ झटकतात. अजून काही वाटले का, ते त्यांनी कोणाला सांगितलेले नाही. त्या आणि फिटरकाका एका बाकावर बसतात, मधे एक माणूस मावेल इतकी जागा सोडून. मलाही अजून पूर्वीसारखे काही वाटत नाही. पण गेल्या हिवाळ्यात पत्रा गार पडला तेव्हा तो गार आहे हे मला समजले.

मध्ये एका शाळेची सहल आली होती. चष्मा लावलेल्या एका मुलीने पाटी मोठ्याने वाचली आणि विचारले, "ठाऊक असून म्हणजे? कोणाला ठाऊक होतं?"

तिच्या बाईंनी तिला पुढे ढकलले. बाकावरून फिटरकाका म्हणाला, "मला."

मग त्याने तिला सगळे सांगितले, मी तुम्हाला सांगितले तसेच, कमी न करता.

मित्रांनो, संग्रहालयात 'हात लावू नये' अशा पाट्या असतात. माझ्यावर तशी पाटी नाही. माझी एवढीच विनंती आहे की आत आलात तर कड्यांना हात लावा, एकेक ओढून बघा. कंटाळा करू नका, चोवीसच आहेत. आणि एखादी जराशी जरी हलली, तरी बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला जाऊन सांगा. त्याचे गुडघे दुखतात, त्याला वेळ लागेल. पण तो खिशातून वही काढून आधी लिहून घेतो, आणि मगच पाना आणायला उठतो.